तत्त्वाचा प्रश्न

आमच्या सोसायटीतले लिनक्सवाले काका रिटायर झाल्यापासून घटकाभरही रिकामे बसलेले नाहीत. आणि कॉम्प्युटर रिकामा बसत नाही, ही त्यांची तक्रार आहे. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीनसेव्हर लागायला हवा. लागत नाही.

"हल्ली त्याची गरज काय?" असं त्यांना कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की फॉस्फर कसा झिजायचा आणि त्याचा डाग कायमचा कसा राहायचा, हे काका सविस्तर सांगतात. एलसीडीला तो फॉस्फरच नसतो, हेही तेच सांगतात. मग चष्मा पुसत म्हणतात, "प्रश्न गरजेचा नाही, तत्त्वाचा आहे."

हे तत्त्व म्हणजे एक्सस्क्रीनसेव्हर. तो १९९२ साली आणणाऱ्या जेमी झविन्स्कीचा उल्लेख काका 'आपला जेमी' असा करतात.

तो का लागत नाही, या तपासाची वही वेगळी आहे. प्रोग्रॅम मागे चालू आहे का? आहे. वेलंडचं सत्र आहे का? होतं, लॉगिन करताना बदलून एक्सऑर्ग घेतलं. मग 'एक्सप्रिंटआयडल'. शेवटची कळ दाबून किंवा माउस हलवून किती मिलिसेकंद झाले, ते ही आज्ञा सांगते. आकडा चढायचा आणि कोणी काही न करता शून्यावर यायचा. चोर सापडला: काचेच्या टेबलावर ठेवलेला ऑप्टिकल माउस जागच्या जागी थरथरत होता. त्याच्याखाली कॅलेंडरचं जुनं पान गेलं.

तरीही नाही. या खेपेला काकूंचं भजन. व्हिडिओ चालू असला की ब्राउझर स्क्रीनसेव्हरला 'थांब' असा निरोप धाडतो. भजन मोबाइलवर गेलं.

आता काका घड्याळ लावून पडद्यासमोर बसतात. नऊ मिनिटं होत आली की त्यांना शंका येते, मशीन हँग तर नाही झालं? खात्रीसाठी ते माउस किंचित हलवतात.

परवा ते दूधवाल्याचा हिशेब करायला खाली गेले. वर आले तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, "अहो, लागलं होतं तुमचं ते! पडद्यावर रंगीत पाईपच पाईप."

काका धावले, घाईत टेबलाला धडकले. पाईप गायब.

"लॉग आहे का?"

"कसला लॉग? तुम्ही घरात असताना कोणाला स्वस्थ बसू देता का कधी?"

काकांनी हे संभाव्य कारण वहीत लिहून घेतलं. पुढे कंसात: 'पडताळणी बाकी'.