निर्णय कुठे लिहिलाय?

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मध्यंतरी १४० जॉब भंगारात गेले. दोन भोकांमधलं अंतर ६२ मिलिमीटर धरून ते केले होते, गिऱ्हाइकाला ६४ हवं होतं. मी त्या दिवशी तिथेच होतो. ऑपरेटरची काही चूक नव्हती. त्याच्या मशीनला लटकवलेल्या ड्रॉइंगवर ६२ च होतं. नवं ड्रॉइंग आदल्या आठवड्यात रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं होतं. त्याखाली अकरा जणांचं ‘नोटेड सर’, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्याखाली पुष्पगुच्छांची रांग. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ड्रॉइंग वर सरकून दिसेनासं झालं होतं.

याच कारखान्यानं दोन वर्षांपूर्वी माणशी दरमहा पैसे भरून ‘टीम्स’ हे कामाच्या संवादाचं सॉफ्टवेअर घेतलंय. मालकांनी मला विचारलं, “याहून चांगलं कुठलं सॉफ्टवेअर आहे का हो?”

असेलही. पण ते आणलंत तरी पुढचे जॉब भंगारातच जाणार. तुमच्याकडे निर्णय बोलला जातो, ढकलला जातो, ‘नोटेड’ होतो. फक्त तो सापडेल अशा जागी कुणी लिहून ठेवत नाही.

टीम्ससारख्याच स्लॅकचं उदाहरण घ्या. स्टुअर्ट बटरफिल्डची कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ चालला नाही, २०१२ च्या अखेरीस बंद पडला. पण वेगवेगळ्या शहरांतल्या आपल्याच माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून त्यांनी एक साधन तयार केलं होतं, तेच पुढे २०१४ मध्ये स्लॅक म्हणून बाजारात आलं. या नावाच्या अक्षरांत त्यांनी जो अर्थ बसवला, तो असा: सगळ्या संवादाची आणि ज्ञानाची, शोधता येणारी नोंदवही. पैसे खरे ‘शोधता येणारी’ या दोन शब्दांचे. आपण नोंदवही विकत घेतो आणि तिच्यावर कट्टा भरवतो.

आणि नोंदवही आपल्याला कुणी परक्यानं शिकवायला नको. सरकारी कचेरीतली नस्ती उघडून बघा. एक भाग टिपणीचा, एक पत्रव्यवहाराचा. टिपणीतल्या परिच्छेदांना क्रमांक, खाली सही आणि तारीख. बदलून आलेला नवा अधिकारी पहिल्या पानापासून वाचत गेला की कोणी काय सुचवलं, कोणी नाकारलं आणि शेवटी काय ठरलं, हे त्याला कुणाला न विचारता कळतं. लाल फितीला आपण नावं ठेवली, रास्तच ठेवली. पण नस्ती ज्या शिस्तीनं लिहिली जाते ती शिस्त खासगी कंपन्यांना लाखो रुपये खर्चूनही जमलेली नाही.

म्हणून पहिली गोष्ट, चॅनेल कामाच्या नावानं काढा. ‘प्रॉडक्शन टीम’ नावाच्या चॅनेलमध्ये सगळं जग येऊन पडतं. गिऱ्हाइकाच्या ऑर्डरच्या नावानं काढलेल्या चॅनेलमध्ये त्या ऑर्डरचंच येतं. निर्णय पहिल्या ओळीत लिहा: काय बदललं, केव्हापासून, कोणी ठरवलं. चर्चा त्याच्याखाली, त्याच थ्रेडमध्ये करा. मालकांनी फोनवर काही ठरवलं असेल, तर मालकांनीच ते तिथे लिहावं. “मी सांगितलं होतं” हे वाक्य जिथे चालतं, तिथे कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही.

फायलींचं तर विचारूच नका. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’, ‘हेच फायनल’. टीम्समध्ये चॅनेलवर टाकलेली फाइल सगळ्या टीमच्या सामायिक जागेत राहते, तिच्या जुन्या आवृत्त्याही तिथेच सांभाळल्या जातात. तीच फाइल खासगी चॅटमध्ये पाठवली, तर ती पाठवणाऱ्याच्या वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये जाते. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि खातं काढून टाकलं, की काही दिवसांनी फाइलही जाते. हा फरक दहा मिनिटांत समजावता येतो. मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी तो कुणी समजावलेलाच नाही. स्लॅक फुकट वापरणाऱ्यांनी तर आणखी जपावं. ९० दिवसांपूर्वीचे संदेश त्यात दिसत नाहीत.

‘हाय सर’ लिहून थांबणाऱ्यांना हात जोडून सांगतो, पुढचं वाक्यही त्याच संदेशात लिहा. समोरचा हातातलं काम सोडून तुमच्या पुढच्या ओळीची वाट बघत बसतो. नमस्कार जरूर घाला, पण कामाच्या प्रश्नासकट.

आणि साहेबांनो, नावापुढचा हिरवा ठिपका हा हजेरीपट नाही. माणूस कागदावर गणित मांडत असला, मशीनजवळ उभा असला तरी तो ठिपका पिवळा पडतो. रात्री अकराला काही सुचलं तर लिहा, पण सकाळी नऊची वेळ लावून पाठवा. ती सोय याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. फ्रान्सनं कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं. पण वेळ लावून संदेश पाठवायला कायद्याची वाट कशाला बघायची?

हे सगळं मालकांना सांगून झाल्यावर मी त्या ऑपरेटरकडे गेलो. विचारलं, “टीम्सवर नवं ड्रॉइंग दिसलं असतं का तुला?” तो म्हणाला, “मला त्याच्यात घेतलंच नाही, सर.”

खरं होतं. बारा खाती, बाराही ऑफिसातली. ज्याच्या हातून भोक पडतं त्याचं एकही नाही. माणशी पैसे पडतात म्हणून वाचवलेली. शॉप फ्लोअरवरच्या कामगारांसाठी स्वस्त योजना मिळतात, हे मालकांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. १४० जॉबच्या मटेरियलचा हिशेब आम्ही दोघांनी तिथेच मांडला. त्यात त्या ऑपरेटरचं खातं कितीतरी वर्षं चाललं असतं.

आता मशीनशेजारी एक जुना टॅब लावलाय. ऑर्डरचं चॅनेल, वर ताजं ड्रॉइंग. पहिल्याच दिवशी त्या ऑपरेटरनं खाली लिहिलं: ‘६४ केलं, पण कडेपासूनचं अंतर तेच ठेवायचं का?’ ड्रॉइंगवर त्याचं उत्तर नव्हतं. डिझाइनवाल्यानं गिऱ्हाइकाला फोन केला आणि वीस मिनिटांनी तारखेसह त्याच प्रश्नाखाली उत्तर लिहिलं. तोवर मशीन थांबवून ठेवलं होतं.