६१ बटणांचं वैराग्य

तंत्रज्ञानाचा शौक असलेल्या माणसाला, म्हणजे अर्थातच मला आणि माझ्या जातकुळीच्या सगळ्यांना, एक खोड असते. कुठल्याही खरेदीचं समर्थन आम्ही 'कामाला येतं' एवढ्यावर भागवतो. दुसरा मॉनिटर कामाला येतो, रास्पबेरी पाय कामाला येतो, मनगटावर बसून नाडी मोजणारं घड्याळ तर फारच कामाला येतं. माझं म्हणणं असं की हे साफ खोटं आहे, आणि असं खोटं बोलायची गरजही नाही. ज्या दुनियेची आम्ही मिजास मिरवतो ती चेष्टेखोरांनीच उभी केली आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नावात अजगर नाही. ती बनवणाऱ्या गिडो व्हान रॉसमने ते 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ठेवलं. नकोशा ईमेलला स्पॅम म्हणायची रीत आली तीही त्याच मंडळींच्या एका प्रहसनातून. १ एप्रिल १९९८ रोजी तर इंटरनेटच्या नियमांची जी गंभीर दस्तऐवजमालिका आहे, तिच्यात कॉफीयंत्राला हुकूम सोडण्याचा प्रोटोकॉल छापून आला. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने '४१८, मी किटली आहे' असं उत्तर द्यावं, अशी त्यात सोय होती. पुढे हा क्रमांक काढून टाकायची गोष्ट निघाली तेव्हा जगभरच्या प्रोग्रॅमरांनी असा गिल्ला केला की किटली जागेवर राहिली. आणि 'डूम' हा १९९३चा गेम लोकांनी कॅल्क्युलेटरवर चालवला, प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावरही चालवला. त्याचा उपयोग काय, असं त्यांना कुणी विचारलं नसावं. विचारलं असतं तर ते नुसते हसले असते.

आम्हाला मात्र हसता येत नाही, आम्हाला कारण द्यावं लागतं. याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मेकॅनिकल कीबोर्ड, आणि या विषयावर मला थांबवणं अवघड आहे हे आधीच सांगतो. साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराची एक चादर असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीतल्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये निळा 'टिक' वाजतो, तपकिरी बोटाला नुसता उंचवटा जाणवू देतो आणि लाल काही न बोलता सरळ खाली जातो. लाल दाबायला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो, हे आम्हाला तोंडपाठ असतं. घरातल्या गॅस सिलिंडरचा ग्राहक क्रमांक नसतो. आयबीएमचा १९८५चा 'मॉडेल एम' अजून शोधून घेणारे आहेत, कारण बटण दाबलं की त्याच्या आतली स्प्रिंग वाकून कोलमडते आणि तो खटका पुढे कुणालाच जमला नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याहून पुढची पायरी म्हणजे स्विच उघडून आत बारीक ब्रशने ग्रीस लावणं. मग आवाज 'टिक' न येता 'थॉक' येतो, आणि हे 'थॉक' ऐकवणारे व्हिडिओ असतात, आणि ते आम्ही हेडफोन लावून बघतो. कळस म्हणजे ६१ बटणांचा कीबोर्ड. त्यात बाणाची बटणं नाहीत, वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्हची रांग नाही, आकड्यांचा चौकोन नाही. इतकं सगळं काढून टाकल्यावर किंमत वाढते. एकादशी आणि दुप्पट खाशी हा न्याय इलेक्ट्रॉनिक्सला इतका चपखल लागू पडेल असं आपल्या पूर्वजांना वाटलं नसेल. बटणांवर अक्षरंच न छापलेले कीबोर्डही मिळतात. ते बघणाऱ्यासाठी असतात, टायपणाऱ्यासाठी नाही.

यावर आक्षेप येतात. वेग वाढतो, हा पहिला. पण प्रोग्रॅमरचा दिवस जातो वाचण्यात, विचार करण्यात आणि आपणच मागे लिहिलेलं कोडं सोडवण्यात. बोटांसाठी काम कधी अडत नाही. मनगटाला बरं असतं, हा दुसरा. मनगट दुखत असेल तर आधी खुर्ची-टेबलाची उंची बघावी, स्विचच्या रंगाने ते बरं होत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: अशा हौसेतूनच मोठी कामं झाली. खरं आहे. व्हान रॉसमने पायथन १९८९च्या नाताळच्या सुट्टीत वेळ घालवायला सुरू केली. लिनस तोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली वर्दी देताना हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंच कळवलं होतं. पण हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. या दोघांनी छंदाला छंद म्हटलं. शिवाय तोरवाल्ड्सने छंद म्हणून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहिला. आम्ही छंद म्हणून लिनक्सच्या पेंग्विनचं चित्र असलेला टी-शर्ट घालतो.

इथवर हे निरुपद्रवी आहे. माझी चीड वेगळ्याच ठिकाणी आहे. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागतात. त्यासाठी तालुक्याच्या गावातल्या टायपिंग क्लासात मुलं-मुली रबरी चादरीच्या, अक्षरं पुसट झालेल्या कीबोर्डवर रोज सराव करतात. मराठीत सरकारी कागद हलतो तो त्यांच्या बोटांनी. आणि ग्रीस लावलेल्या स्विचचे आम्ही धनी आईला मेसेज करतो तो रोमन अक्षरांत, कारण मराठी टायपिंग 'किचकट' असतं! भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कीबोर्डचा आराखडा प्रमाण ठरवला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच, शिफ्ट दाबला की महाप्राण. दऱ्याखोऱ्यांतला अर्धा र हवा असेल तर त्यालाही स्वतंत्र जागा आहे. मराठीचा क जिथे, तिथेच कन्नडचा आणि बंगालीचा. इतकं नेटकं डिझाइन एखाद्या जपानी कंपनीने काढलं असतं तर आम्ही त्यावर तासभर बोललो असतो. आता बोलून टायपता येतं, रोमनमधून देवनागरी उमटते, मग हे कशाला, असं कुणी म्हणेल. मेसेजपुरतं ते ठीकच आहे. पण लांबलचक मजकूर लिहिताना प्रत्येक शब्दाचं आधी इंग्रजी स्पेलिंग ठरवत बसावं लागतं, आणि सॉफ्टवेअरने भलताच शब्द काढला की मागे जावं लागतं. चांगल्या यंत्राची पारख सांगणाऱ्याने हे सोसावं, हे मला पटत नाही.

तेव्हा पुढचा कीबोर्ड मागवण्याआधी एवढं करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट तिथेच आहे, लिनक्समध्येही आहे, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.