पहिल्या नंबरचे कारकून

इंग्लंड-अमेरिकेत हल्ली एक नवीन गृहस्थ आढळतात. येत्या आठवड्याच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, कुठलं गाणं पहिल्या नंबरावर असेल, यावर हे पैसे लावतात. लंडनमध्ये असले तर बुकीकडे, अमेरिकेत असले तर काल्शीसारख्या बाजारात, जिथे अमुक गाणं पहिलं येईल या विधानाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ काही सेंटांना विकत मिळतं. अंदाज बरोबर आला तर एका ‘हो’चा एक डॉलर, चुकला तर भोपळा. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यामुळे उघडपणे तरी हे गृहस्थ सध्या परदेशीच पाहायचे. लोक त्यांना गाण्याचे वेडे समजतात, नाही तर जुगारी. दोन्ही समज त्यांच्यावर अन्याय करणारे आहेत. हे गृहस्थ हाडाचे कारकून आहेत.

पुरावा त्यांच्या संगणकावरच्या तक्त्यातच असतो. गाण्याचं नाव, कालचा आकडा, परवाचा आकडा, गेल्या शुक्रवारचा आकडा, फरक, फरकाची टक्केवारी. शनिवारच्या रकान्याला वेगळा रंग. अमुक गायिकेचं गाणं शुक्रवारी उसळतं आणि रविवारपर्यंत बसतं, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तिचा आवाज कसा आहे हे मात्र जागेपणीही सांगता यायचं नाही. यात अरसिकपणा कमी आणि सावधपणा जास्त. गाणं ऐकलं की मत होतं, आणि मत झालं की हात त्याच गाण्याकडे वळतो. ब्रिटनमध्ये नाताळाच्या आठवड्यात पहिलं कोण, यावर पैजा लावण्याची जुनी परंपरा आहे. तिथे २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं लॅडबेबी या जोडप्याने बाजी मारली. गाण्यांत कौतुक कशाचं, तर सॉसेज रोलचं, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या पफचं. उत्पन्न धर्मादाय कामाला. ज्यांना संगीत कळतं अशा माणसांनी पाच डिसेंबर कपाळावर हात मारून घेतला. आमच्या गृहस्थांनी तो हात लिहायला वापरला.

सरकारी कचेरीतल्या जुन्या हेडक्लार्कला रजेचे नियम पाठ असावेत, तसे यांना चार्टचे नियम पाठ असतात. आणि नियम पाठ करण्यासारखेच आहेत. ब्रिटनच्या यादीत पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी ऑनलाइन शंभर वेळा ऐकलं की एक विक्री धरतात. फुकट्यांनी तेवढ्यासाठी सहाशे वेळा ऐकावं लागतं. गाणं दहा आठवडे यादीत राहिलं आणि ओळीने तीन आठवडे उतरलं, तर त्याची किंमत निम्मी होते, कारण जुन्यांनी जागा अडवून बसू नये. मार्च २०१७ मध्ये एड शीरनची सोळा गाणी एकदम पहिल्या विसात घुसली, तेव्हा यादीवाल्यांनी त्याच वर्षी एका कलाकाराला तीनच गाण्यांची मर्यादा घातली. आता सांगा, ज्या यादीत लोकांची आवड शंभराने आणि सहाशेने भागून, निम्मी करून, तिनावर कापून मिळते, ती वाचायला रसिक हवा की कारकून?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आकडेमोड कितीही करा, पैजेत नशीब आलंच, तेव्हा हा जुगारच. जुगाराची व्याख्या पैसे लावण्यावर करायची तर मान्य. मुंबईचा मटकाही सुरुवातीला कापसाच्या न्यूयॉर्कहून येणाऱ्या ओपन-क्लोज भावांवरच चालायचा, आणि आकडा लावणाऱ्याने कापूस हातात घेऊन पाहिला होता अशातला भाग नाही. पण मटकेवाल्याला उद्याचा आकडा अगदी अंधारात असायचा. इथे ऑनलाइन गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय रोजच्या रोज आकडे जाहीर करतं. शुक्रवार ते गुरुवार असा मोजणीचा आठवडा, म्हणजे बुधवारपर्यंत निकाल बराचसा दिसू लागतो. अडचण एवढीच, की तो सगळ्यांनाच दिसतो. त्यामुळे जिंकणाऱ्या गाण्याचा ‘हो’ तोवर सत्त्याण्णव सेंटांना गेलेला असतो. गृहस्थ सत्त्याण्णव सेंट गुंतवतात, तीन कमावतात आणि रात्री नीट झोपतात. ही वृत्ती जुगाऱ्याची नव्हे, पोस्टात पैसे ठेवणाऱ्याची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसं चिडतात, हळवी होतात, एकजूट करतात. तिथे कारकुनी काय कामाची? उदाहरणं खणखणीत आहेत. एका टीव्ही स्पर्धेचा विजेता नाताळात पहिला येणार, हे आधीच्या चार वर्षांनी जवळजवळ कायदाच करून टाकलं होतं. २००९ मध्ये लोकांनी फेसबुकवर मोहीम काढून ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चं १९९२ चं शिव्यांनी भरलेलं गाणं आठवड्याभरात पाच लाखांहून जास्त वेळा विकत घेतलं आणि विजेत्याला दुसऱ्या नंबरावर बसवलं. २०२२ मध्ये एका मालिकेमुळे केट बुशचं १९८५ चं गाणं पुन्हा उसळलं. ते जुनं म्हणून निम्म्यानेच मोजलं जात होतं, तर यादीवाल्यांनी नियमाला अपवाद केला आणि गाणं पहिलं आलं. त्या आठवड्यात नियम पाठ असणंच एखाद्याला भोवलं असेल. पण कारकुनाला अपवादाचं वावडं कधी होतं? अपवाद ही पुढच्या वेळची फाइल असते. आता तक्त्यात ‘मोहीम’ असा एक रकाना आहे, ‘मालिकेत वाजलं का’ असा दुसरा. डिसेंबरचं पान तर वेगळंच, कारण ‘व्हॅम’चं १९८४ चं ‘लास्ट ख्रिसमस’ नाताळाच्या यादीत पहिलं आलं ते २०२३ मध्ये, एकोणचाळीस वर्षांनी. माणसांचा हळवेपणाही वर्षाच्या ठरावीक तारखांना येतो, हे शोधून काढायला कारकूनच लागतो.

राहता राहिला प्रश्न, की एवढ्या खर्डेघाशीचा मोबदला कोण देतं. सगळेच कारकून असते तर तीन सेंटही सुटले नसते. मोबदला देतात चाहते. आवडत्या गायिकेचं गाणं सातव्यावरून पहिल्यावर जाणार, असं त्यांचं मन सांगतं, म्हणून ते वीस सेंट मोजून ‘हो’ घेतात. समोरून ‘नाही’ घेणारे हेच गृहस्थ असतात. चाहते हरतात, पण त्यांना पश्चात्ताप होईल असं समजू नका. त्याच गायिकेचा एकच अल्बम चार निरनिराळ्या मुखपृष्ठांसाठी चारदा विकत घेणाऱ्यांना वीस सेंटांचं काय? गृहस्थांना मात्र हे चारदा घेणं समजत नाही. ते त्याचा आणखी एक रकाना करतात.