हॅड बीन लावण्याची योग्य रीत

पास्ट परफेक्ट कंटिन्युअस म्हटलं की पोरं माना खाली घालतात. हिंगोली जिल्ह्यात तरी घाबरायचं कारण नाही. कच्चा माल इथं मुबलक आहे. कर्ता घ्या, हॅड बीन लावा, क्रियापदाला आयएनजी चिकटवा. एवढं कोणत्याही गाईडात मिळतं. घोडं अडतं पुढं. लांबत चाललेल्या कामानंतर भूतकाळातच एखादी ठोस घटना घडलेली असावी लागते.

सेनगाव-कळमनुरीची माणसं कलेक्टर कचेरीसाठी परभणीला खेटे घालत होती आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. इथं 'पीपल हॅड बीन गोइंग टू परभणी' बिनधास्त ठोका. गावचा रस्ता मात्र अजून व्हायचाच असेल, तर हॅड खोडून हॅव करा. पुढाऱ्यानं शब्द दिला, ही घटना परीक्षक धरत नाहीत. सुरुवात माहीत असेल तर सिन्स, नुसता कालावधी असेल तर फॉर. रस्त्याला सिन्स बरा. नारळ कधी फुटला ते सगळ्यांना पाठ असतं.

या काळाचा देखणा उपयोग म्हणजे खुणेवरून आधीचं काम ओळखणं. हिंगोलीच्या हळद मार्केट यार्डातून माणूस संध्याकाळी परतला. नखांच्या कडा पिवळ्या, बाह्या पिवळ्या, खिशातली काटापट्टीसुद्धा पिवळी. लिहा: 'ही हॅड बीन हँडलिंग टर्मरिक.' हात पिवळे दिसले म्हणून लगेच अक्षता शोधू नयेत. किती क्विंटल विकली ते सांगायचं असेल, तर बीन आणि आयएनजी दोन्ही काढून सरळ 'हॅड सोल्ड' लिहावं. आकडा आला की काम पुरं झालं. भावाबद्दल व्याकरण गप्प आहे.

'साहेब हॅड बीन नोइंग मी' असं चुकूनही लिहू नये. ओळख असते किंवा नसते, ती चालू राहत नाही, असं इंग्रजी मानते. बिचारीनं आपल्याकडच्या निवडणुका पाहिलेल्या नाहीत.

शेवटचं पथ्य. या काळाचा पॅसिव्ह करू नये. शाळेत तो शिकवतच नाहीत आणि 'हॅड बीन बीइंग' म्हणताना गोऱ्या साहेबाचीही जीभ अडखळते. त्यामुळे बदली होण्याआधी फायलीवर काम चालू होतं, असं इंग्रजीत कळवायचं तर ते कोण करत होतं हे लिहावंच लागतं. कर्त्याची जागा कोरी सोडून मसुदा वर पाठवावा.