जावईबापू, देवणी वळू आणि ५५ इंची टीव्ही

अहो वहिनी, ऐकलंत का? गुरुजींच्या वाड्यात काल रात्री साडेदहापर्यंत माणसं जागी होती. तुम्ही झोपला होतात म्हणे. मी नाही बाई! मी विरजण मागायला म्हणून गेले आणि तिथंच पायरीवर बसले ते बसलेच... आता रात्री नऊला विरजण कोण मागतं, असं नका बघू माझ्याकडं. दूध तापवून ठेवलं होतं, घरात विरजण नव्हतं, झालं.

तर काय सांगत होते. गुरुजींची नात आली होती ना, उदगीरच्या व्हेटरनरी कॉलेजातली. तिला सोमवारी वर्गात पडद्यावर फोटो-व्हिडिओ दाखवून आपल्या देवणी जातीवर बोलायचं होतं. पोरगी हुशार हो. आपण जन्मभर नुसतं ‘पांढरा’, ‘बांडा’ म्हणत आलो, तिनं मला बसल्या जागी तीन नावं सांगितली. अंग पांढरं न् तोंडावर काळं असलं की वानेरा. नखशिखांत पांढरा तो बालंक्या. आणि अंगभर काळे ठिपके असले की शेवरा. गुरुजींचा वळू वानेरा, हे तर आख्ख्या गावाला माहीत. माळेगावच्या जत्रेत गेला की लोक गुरुजींना नाही, वळूला ओळखतात.

आणि तो वळू फोटोसाठी उभा राहतो फक्त गुरुजींसमोर. म्हणून सगळे फोटो, चाऱ्यापुढचा मोठ्ठा व्हिडिओ, सगळं गुरुजींच्या फोनात. पोरीचा लॅपटॉप टेबलावर. मध्ये दीड हाताचं अंतर. आता हे दीड हात कसे पार करायचे?

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं. अहो, पण रविवारी दुपारपासून रेंज कुठं होती? रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली म्हणे. फोनवर नुसती फुली. शिवाराच्या त्या कडेला गेलं की कर्नाटकातला टॉवर लागतो, पण रात्री नऊला बांधावर कोण जाणार? शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोचा पार चोथा होतो. पडद्यावर वळूचं तोंड धुरकट दिसलं तर पोरगी बोलणार काय?

गुरुजी आपले साधे. म्हणाले, “वायर लावा की सरळ.”

झालं! थोरले जावई सरसावले. पुण्याचे, हिंजवडीचे. सोफ्यावर मांडी घालून म्हणतात कसे, “मामा, आता वायरचा जमाना राहिलाय का? दोन मिनिटांत वायरलेस पाठवतो. ब्लूटूथ कशासाठी आहे?” जावयांच्या सासूबाईंचा चेहरा असा फुलला म्हणता! माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बघ, आमचा जावई.

जावईबापूंनी फोनवर ब्लूटूथ चालू केलं. आणि वहिनी... हे ऐका. आजूबाजूला जी जी यंत्रं दिसायला उघडी असतात ना, त्यांची नावं फोनवर येतात. एकाखाली एक. पोरगी मोठ्यानं वाचायला लागली. कुणाचे कानातले बड्स, कुणाचं घड्याळ, आणि मग... “५५ इंची स्मार्ट टीव्ही.”

गुरुजींकडं तसला टीव्ही नाही. माझ्याकडं नाही. मधल्या भिंतीपलीकडं कोण राहतं? भिशीच्या मावशी! आणि मावशी तिथंच बसलेल्या, माझ्या शेजारी, पायरीवर. परवा काय म्हणाल्या होत्या तुम्हाला? “सोयाबीनचे पैसे हातात आले नाहीत बाई, या महिन्याची भिशी पुढं ढकला.” मी काही बोलले नाही. देवाशपथ एक शब्द बोलले नाही. फक्त “अगंबाई” म्हणाले. मावशींनी पदर सावरला, म्हणाल्या, “लेकानं हप्त्यावर आणलाय.” चेहरा मात्र असा पडला की विचारू नका...

तर काय सांगत होते. हां, जावईबापू. त्या यादीत हात घसरला की काय झालं, फोटो गेला भलत्याच फोनवर. पतसंस्थेतले साहेब नाहीत का, समोरच्या घरात? ते त्याच वेळी आपले इअरफोन जोडत बसले होते. ब्लूटूथचं ते पान उघडं असलं की आपला फोन सगळ्यांना दिसतो म्हणे, एरवी लपून असतो. साहेबांना वाटलं इअरफोनच विचारायलेत, दाबलं ‘होय’. पाच मिनिटांनी बनियनवर दारात हजर. “गुरुजी, हे काय पाठवलंत मला?” बघतो तर वळूचा फोटो. तोही मागून काढलेला! गुरुजींनी कपाळाला हात लावला. साहेब पण लगेच गेले नाहीत हो, चहा घेऊन बसले.

मग जावयांनी लॅपटॉप शोधला. लॅपटॉपचं नाव दिसलं, पण जोडंना. फोन म्हणतो, हा माझ्या ओळखीचा. लॅपटॉप म्हणतो, मी याला बघितलंच नाही. झालं असं होतं की दिवाळीत त्या लॅपटॉपमध्ये सगळं पुसून नव्यानं भरलं होतं. त्याच्याकडची जुनी किल्ली गेली, फोनाकडं तशीच राहिली. अशा वेळी फोनात जाऊन जुनं नाव काढून टाकायचं, लॅपटॉपात उरलं असलं तर तिथलंही, आणि नव्यानं ओळख करून द्यायची. हे जावयांना बरोब्बर ठाऊक होतं, खोटं का बोलू. दोन्हीकडं सहा आकडे आले, सारखे आहेत का ते बघितलं, ‘होय’ दाबलं. जोडलं! सासूबाई म्हणाल्या, “बघा.”

कसलं बघा! फोटो पाठवला की थोडं फिरल्यासारखं करायचं आणि ‘पाठवता आलं नाही’. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. जावयांनी दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. मग म्हणाले, ड्रायव्हर जुना असेल. मग म्हणाले, या माळवदाच्या भिंती जाड, लहरी अडतात. अहो, दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर! भिंत मध्ये कुठनं आली? मग म्हणाले, आत मायक्रोवेव्ह चालू आहे का? तो आणि ब्लूटूथ दोघं २.४ गिगाहर्ट्‌झवरच असतात, ते खरंय म्हणे. पण गुरुजींकडं मायक्रोवेव्ह आहे होय? सासूबाई चुलीवरची भाकरी सोडून काही खात नाहीत!

तेवढ्यात नातीनं एक गोष्ट सांगितली, ती सांगते आधी. या ब्लूटूथच्या लहरी एका जागी बसत नाहीत, ७९ वाटांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतात. आणि अशा उड्या मारत संदेश पाठवायच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ साली कुणी घेतलं होतं? हॉलिवूडच्या नटीनं! हेडी लमार नाव तिचं, आणि तिच्याबरोबर एक संगीतकार, जॉर्ज अँथाइल. पाण्याखालून जाणारा टॉर्पेडो शत्रूला भरकटवता येऊ नये म्हणून. तिचा पहिला नवरा शस्त्रांचा कारखानदार होता. सासूबाईंनी लगेच विचारलं, “पहिला म्हणजे?” तर बाईची सहा लग्नं! सासूबाईंना पेटंट गेलं कुठल्या कुठं, सहाचंच चाललं होतं निजेपर्यंत...

तर काय सांगत होते. ‘पाठवता आलं नाही’. जावयांच्या कपाळावर घाम. सासूबाई आता नातीवर घसरल्या, “तूच काहीतरी दाबलंस.” पोरीचे डोळे भरले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, हळूच, “दाजी, लॅपटॉपला ‘घे’ म्हणून सांगितलंत का?”

सून! धाकटी सून हो, भालकीची. जिला सासूबाई उठता-बसता टोमणा मारतात की माहेरी गेली की भावाच्या मोबाईल शॉपीत गल्ल्यावर बसते म्हणून.

जावई म्हणाले, “घे म्हणजे? जोडलंय ना.” ती म्हणाली, “जोडणं म्हणजे साखरपुडा झाला दाजी, वरात दारात घ्यायला कुणीतरी उभं राहायला नको का?” पिठाचे हात पुसत आली. घड्याळाजवळ खाली ते निळं चिन्ह असतं ना ब्लूटूथचं, त्यावर माऊसचं उजवं बटण दाबलं. ‘रिसीव्ह अ फाइल’ निवडलं. लॅपटॉपवर आलं, वाट बघतोय म्हणून. मग म्हणाली, “आता पाठवा.” फोटो आला! विंडोजच्या लॅपटॉपात असंच आहे म्हणे, आधी त्याला घ्यायला बसवायचं, मग फोनवरून पाठवायचं. फोन-फोनमध्ये समोरच्याला नुसतं विचारलं जातं, म्हणून आपल्याला वाटतं लॅपटॉपही विचारील. तो विचारत नाही.

वहिनी, त्या वेळचे चेहरे तुम्ही बघायला हवे होतात. जावई म्हणाले, “हो हो, तेच करणार होतो.” गुरुजी मिशीत हसले. सासूबाई म्हणाल्या, “पीठ उघडं ठेवून आलीस का?” एवढंच!

फोटो एकेक करून आले. आता उरला व्हिडिओ, पाऊण जीबीचा. ब्लूटूथची धाव सेकंदाला जास्तीत जास्त ३ मेगाबिट, त्यातलं हातात पडतं त्याहून कमी. फोनवर दाखवायला लागलं, दीड तास. एवढ्यात तर भाकरी होऊन, जेवणं होऊन, भांडी घासून झाली असती. जावयांना पुन्हा हुरूप आला. म्हणाले, “हॉटस्पॉट करू. इंटरनेट नसलं तरी फोन आणि लॅपटॉप एका वायफायवर येतात.” खरंच होतं ते. फोनचा हॉटस्पॉट चालू केला, आणि लॅपटॉपात नावच दिसेना! पतसंस्थेच्या साहेबांच्या फोनात दिसायलंय, मावशींच्या दिसायलंय, लॅपटॉपात नाही.

सगळ्यांनी सुनेकडं बघितलं. जावयांनी नाही, बाकी सगळ्यांनी. ती म्हणाली, “हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असेल. लॅपटॉप जुना, त्याला २.४ शिवाय काही दिसत नाही.” हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलला, आणि नाव आलं. पासवर्डात एक अक्षर मोठं होतं, ते जावयांनी लहान टाकलं, पण ते जाऊ द्या...

मग फोनातल्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपी म्हणून चालू केलं. त्यानं ftp://१९२.१६८ असा सुरू होणारा पत्ता दिला. जावयांनी तो ब्राऊझरात टाकला. काही उघडेना. सून म्हणाली, “दाजी, ब्राऊझरांनी ते २०२१ लाच काढून टाकलंय. फोल्डर उघडून त्याच्या वरच्या पट्टीत टाका.” तिथं टाकला आणि फोनातलं सगळं घर लॅपटॉपात उघडलं. व्हिडिओ ओढून घेतला. सून आत जाऊन शेवटची भाकरी थापून येते तोवर आला पण!

आता मजा ऐका. सगळं झाल्यावर गुरुजींनी कपाटातून वायर काढलीच. “बघू तरी चालली असती का.” लावली. फोन चार्ज व्हायला लागला, लॅपटॉपात काही दिसेना. सून म्हणाली, “मामंजी, ही नुसती चार्जिंगची. डेटाच्या तारा नसतात काही स्वस्त वायरींत.” जावई सोफ्यावर ताठ झाले, म्हणाले, “म्हणूनच मी वायरलेस म्हणत होतो.” बाई गं! मी विरजणाची वाटी तोंडापुढं धरली, हसू दिसू नये म्हणून.

पण माझं मत विचाराल तर डेटाची एक चांगली वायर घरात असावी. नात सकाळच्या एसटीनं उदगीरला गेली. जाताना सासूबाईंना म्हणाली, “आजी, काकूला माझ्याबरोबर कॉलेजात पाठव, तिथल्या लॅबमध्ये असलं कुणालाच येत नाही.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण आज सकाळी चहा सुनेनं नाही, सासूबाईंनी केला. हे मला दूधवाल्यानं सांगितलं, खोटं असेल तर त्याचं.

मावशींकडून भिशी मात्र या महिन्यातच घ्यायची, काय? मी बोलणार नाही, तुम्ही बोला. आणि वहिनी, तुमच्या त्या यंत्राला दुसरं काहीतरी नाव द्या, न वापरताना बंद करून ठेवा. कुठलं म्हणजे? अहो, तो नवीन साउंडबार! मंगळवारपासून भिंतीतून माझ्या फोनात दिसायलाय.