प्रस्तावकर सर

प्रस्तावकर सरांना ‘सध्या काय चाललंय?’ असं सहज विचारायची सोय नाही. दुसरा माणूस ‘मजेत’ म्हणून सुटतो. सर थांबतात, स्कूटर स्टँडला लावतात, पाठीवरची सॅक पुढे घेतात आणि आवाज खाली आणून सांगतात, ‘‘शिमल्याचा कॉल आलाय.’’ नवख्याला वाटतं, शिमल्याला यांची कुणी मावशी दिलेली असावी. शिमल्याला मावशी नाही, भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. इंग्रजांचा व्हाइसरॉय उन्हाळ्यात ज्या वाड्यात राहायचा, त्या वाड्यात १९६५ पासून निवडक विद्वानांना दोन वर्षं बसवून विचार करू देतात, वर पैसे देतात. नाशिकच्या मे महिन्यात, लोडशेडिंगच्या वेळी, सर या वाक्याचा शेवटचा भाग पुन्हा पुन्हा म्हणतात.

‘प्रस्तावकर’ हे त्यांचं आडनाव नव्हे. कॉलेज रोडवरच्या एका झेरॉक्सवाल्यानं ते ठेवलं आणि चिकटलं. शिवाय सर एकटे नाहीत. इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान असल्या विषयांत पीएच.डी. झालेला, चाळिशी ओलांडलेला आणि अजून तासिका तत्त्वावर शिकवणारा एक प्रस्तावकर नाशकाच्या दर दोन कॉलन्यांमागे सापडतो. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात जितके तास उभे राहाल तितक्या तासांचे पैसे. दिवाळीत, मे महिन्यात आणि परीक्षांच्या दिवसांत तुम्ही शिक्षक असता, पण कुणाचे नसता. अशा मोकळ्या काळात माणूस एक तर क्लास काढतो, नाहीतर जमिनीच्या व्यवहारात पडतो. सर संशोधन-अनुदानाच्या प्रस्तावात पडले.

त्यांचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, अनुदानाची जाहिरात निघाली की सुरू होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर एकादश्या, चतुर्थ्या छापील आहेत. त्यांच्याभोवती लाल पेनानं आयसीएसएसआर, आयसीएचआर, सांस्कृतिक मंत्रालय, फुलब्राइट अशी गर्दी आहे. मेव्हणीच्या लग्नाची बोलणी चालली असताना गुरुजींनी मुहूर्त सांगितला, तेव्हा सरांनी भर बैठकीत विचारलं होतं, ‘‘ही लास्ट डेट की एक्स्टेंडेड?’’

घरातला हिशोबही त्याच वळणावर गेलाय. भाजी, दूध हा आवर्ती खर्च. मिक्सर अनावर्ती. पाहुणे कंटिन्जन्सीत. वहिनींनी एकदा सप्तशृंगी गडावर जायचं काढलं, तर सरांनी ते ‘क्षेत्रकार्य’ या शीर्षाखाली मंजूर केलं आणि परतल्यावर एसटीची तिकिटं मागून घेतली. वहिनी शांत बाई आहेत. एवढंच म्हणतात, ‘‘कागदावर आम्ही पाच-सहा वेळा लखपती झालोय. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात स्वयंपाकघराचा ओटा बदलून घेतला.’’

सरांचा विषय खरा एकच: तांबट आळी. जुन्या नाशकातल्या या आळीत तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवायचे. नाशिकच्या भांड्यांची ख्याती १८८३ च्या सरकारी गॅझेटियरातसुद्धा नोंदली आहे. सरांचं आजोळ जवळच. ठोक्यांच्या आवाजात दुपारची झोप लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची, असं ते सांगतात. पुढे घरोघर स्टील आलं, ठोके विरळ झाले. ते का, कसे, कुणाचं काय झालं, हे लिहावं असं त्यांना विशीत वाटलं होतं. लिहिण्याआधी पैसे मिळवावेत असं एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी सुचवलं. तिथं घात झाला.

कारण पैसे देणाऱ्या प्रत्येक संस्थेला तांबट वेगळा हवा असतो. इतिहासवाल्यांसाठी सरांनी ‘पेशवेकालीन धातुउद्योग’ लिहिला. समाजशास्त्रवाल्यांसाठी त्याच मजकुराचा ‘असंघटित कारागीर व सामाजिक सुरक्षा’ झाला. स्त्री-अभ्यासाची जाहिरात निघाली तेव्हा रुखवतातली भांडी पुढे आली. पर्यावरणाचे दिवस आले. जुनी भांडी वितळवून नवी करतात म्हणून तांबट एका रात्रीत ‘चक्रीय अर्थव्यवस्थेचे आद्य प्रणेते’ ठरले. करोनाच्या साली तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यानं रोगप्रतिकारशक्तीचं एक प्रकरण मिळवून दिलं. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, सगळे पैसे तिकडे वाहताहेत, त्यामुळे ताजा प्रस्ताव आहे ‘कमंडलू : गर्दी-व्यवस्थापनाचा एक दृष्टिकोन’. कमंडलूमुळे गर्दी कशी आटोक्यात येते, असं मी विचारलं. सर म्हणाले, ‘‘ते संशोधनातून कळेल. आधीच माहीत असतं तर अनुदान कशाला मागितलं असतं?’’ याला उत्तर नाही.

विज्ञानवाल्यांचा त्यांना मनस्वी हेवा वाटतो. त्यांना यंत्र मागता येतं. यंत्राला किंमत असते, कोटेशन असतं, आलं की नारळ फोडून फोटो काढता येतो. मानव्यविद्येच्या माणसाला डोकं, कागद आणि एसटी एवढंच लागतं आणि एवढंच लागतं म्हटलं की देणाऱ्याचा विश्वास उडतो. ‘आवश्यक उपकरणे’ या रकान्यात सरांनी उमेदीच्या काळात प्रामाणिकपणे ‘चष्मा’ असं लिहिलं होतं. आता ते लॅपटॉप, स्कॅनर आणि उच्च क्षमतेचा ध्वनिमुद्रक लिहितात. ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ या रकान्यात पूर्वी ‘पुस्तक’ असायचं. तिथं हल्ली एक पुस्तक, तीन शोधनिबंध, एक माहितीपट, एक संकेतस्थळ आणि धोरणात्मक शिफारशी असतात. माहितीपट कोण काढणार? ‘‘मंजूर तर होऊ दे.’’

झेरॉक्सचं दुकान हे सरांचं खरं विद्यापीठ. तिथल्या पोराला सगळ्या योजना पाठ आहेत. ‘‘सर, या खेपेला परिशिष्ट तीन बदललंय. फोटोवर सही आडवी पाहिजे. आणि पीडीएफ दोन एमबीच्या आत.’’ चारशे पानांचा प्रबंध दोन एमबीत बसवताना सरांचं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं फॉरवर्डिंग लेटरमध्ये. कारण बहुतेक योजनांना अर्ज संस्थेमार्फत लागतो आणि तासिकावाल्याला संस्था असते ती फक्त तासापुरती. प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर सर दरवर्षी बसतात. आत मिटिंग चालू असते. शिपाई ओळखीचा झालाय. तो आपणहून म्हणतो, ‘‘सही साहेबांची मिळंल सर, पण शिक्का ऑफिसात, आणि ऑफिसातल्या म्याडम रजेवर.’’

नामंजुरीची पत्रं सर फाइलला लावतात, आणि रसिकपणे. ‘मोठ्या संख्येने उत्कृष्ट प्रस्ताव आल्यामुळे’ असं सुरू होणारी त्यांना आवडतात, कारण त्यात आपणही उत्कृष्टांत मोजले गेलो असा वास येतो. सर्वांत प्रिय मात्र उत्तरच न देणाऱ्या संस्था. तिथला प्रस्ताव विचाराधीन राहतो. २०११ चा एक अजून विचाराधीन आहे. त्यातल्या बजेटमध्ये पेट्रोलचा भाव जुना असल्याची मात्र त्यांना अधूनमधून रुखरुख लागते.

सर खुलतात ते पांडवलेण्यांत. तिथं ते आपल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी नेतात. मुलं सेल्फी काढतात आणि सर दहा नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखासमोर हात जोडतात. बुद्धाला नव्हे, उषवदाताला. क्षत्रप नहपानाच्या या जावयानं लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि शेजारी निधीची तजवीज दगडात कोरून ठेवली. तीन हजार कार्षापण. ते भिक्षूंच्या हातात दिले नाहीत; गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दरानं, हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. ‘‘आता हिशोब करा,’’ सर मुलांकडे वळतात. ‘‘दोन हजारांचं महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. भिक्षू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी वर्षाला बारा. वीस बारे?’’

‘‘दोनशे चाळीस!’’

‘‘बघा! एक कार्षापण इकडे नाही, तिकडे नाही. याला म्हणतात बजेट!’’ सरांचा आवाज लेण्यात घुमतो. दुसऱ्या ठेवीचं व्याज कशासाठी, हे सांगणाऱ्या शब्दाच्या अर्थावर पंडितांत वाद आहे. सरांच्या मनात वाद नाही, ती कंटिन्जन्सी. पुढे लेखात असंही आहे की हे सारं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवलं. ‘‘आणि मुलांनो,’’ सर शेवटचा ठोका टाकतात, ‘‘कुठंही युटिलायझेशन सर्टिफिकेट मागितल्याचा उल्लेख नाही. अपेक्षित फलनिष्पत्ती विचारलेली नाही. पावसाळ्यात इथं राहा, अंगावर कापड घाला, विचार करा. बस.’’ ज्या गोवर्धनात ही ठेव होती, त्याच गोवर्धन शिवारात आज मुक्त विद्यापीठ आहे. या योगायोगावर सर एक प्रस्ताव करणार आहेत.

परतीच्या उतारावर त्यांचा इतिहास पुढे सरकतो. पेशवे श्रावणात पुण्याला पंडितांना दक्षिणा वाटायचे. इंग्रजांनी त्याच पैशाच्या काही भागातून दक्षिणा फेलोशिप काढल्या आणि न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखे लोक त्यावर उभे राहिले. सर म्हणतात, देणं तेच, फक्त श्रावणाचा मार्चअखेर झाला. मग बडोद्याच्या सयाजीरावांची गोष्ट येते. १९१३ साली त्यांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबियाला जायला महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी; परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची असा करार होता. इथं सर विनोद करत नाहीत. एवढंच म्हणतात, ‘‘साडेअकरा पौंड कुठवर पोचले, ते बघा. अर्ज भरायला लाजू नका.’’

आणि मुलं लाजत नाहीत, कारण सर आहेत. ही त्यांची दुसरी बाजू. खरं तर हीच पहिली धरायला हवी. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून एसटीनं येणारी पोरं रविवारी सरांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसतात. बार्टीची शिष्यवृत्ती कुणासाठी, सारथीची कुणासाठी, महाज्योतीची कुणासाठी, आदिवासी मुलीनं कुठं भरायचं, जातपडताळणी नसेल तर तोवर काय जोडायचं, उत्पन्नाचा दाखला तहसीलला कोणत्या वारी लवकर मिळतो, हे सगळं सर तोंडपाठ सांगतात. एक पैसा घेत नाहीत. चहा वहिनींचा. तो कोणत्या शीर्षाखाली येतो, हे त्यांनी विचारणं सोडून दिलंय.

सुरगाण्याच्या एका मुलीला जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली. ती पेढे घेऊन आली आणि पायाशी वाकून म्हणाली, ‘‘सर, महिना सदतीस हजार. शिवाय घरभाडं वेगळं मिळतं म्हणे, ते नाशिकला किती धरायचं?’’ सरांनी चष्मा काढून पुसला. तो महिना ऑक्टोबरचा, दिवाळीची सुटी. सरांची स्वतःची मिळकत शून्य होती. त्यांनी तिला शहराच्या वर्गवारीचा नियम काढून दाखवला, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं, आणि ती गेल्यावर दोन पेढे खाल्ले. वहिनी म्हणाल्या, ‘‘तुम्ही स्वतः वयात असताना हे का नाही भरलंत?’’ ‘‘तेव्हा मला सांगणारे सर नव्हते,’’ असं ते म्हणाले आणि तिसरा पेढा उचलला.

गेल्या वर्षी आक्रीत झालं. एका संस्थेनं सरांना लहानसं अनुदान मंजूर केलं. मेल आला तेव्हा सर नामंजुरीचं वाक्य शोधत शेवटपर्यंत गेले, सापडलं नाही, म्हणून पुन्हा वरून वाचलं. मग मला फोन. आवाज कापत होता. ‘‘अरे, आता करावं लागणार!’’

आठवडाभर ते घराबाहेर पडले नाहीत. इतक्या वर्षांत तांबटांवर जे जे लिहिलं होतं ते काढून बसले, तर त्यात परिशिष्टं होती, गँट चार्ट होते, संदर्भसूची तर सुंदर होती. तांबट कुठं नव्हता. शेवटी वहिनींनी सॅकेत पाण्याची बाटली आणि नवा ध्वनिमुद्रक घातला आणि त्यांना आळीत पाठवलं. सोबतीला मी.

आळीत ठोके ऐकू येणारी दुकानं थोडी. एका ओट्यावर एक म्हातारेबुवा हंड्याचं बूड ठोकत बसले होते. सरांनी नमस्कार केला, ध्वनिमुद्रक चालू केला आणि प्रश्नावलीतला पहिला प्रश्न वाचला: ‘‘आपल्या व्यवसायाच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे आपल्या मते कोणती?’’

म्हाताऱ्यांनी हातोडी खाली ठेवली. ‘‘सरकारी आहात का?’’

‘‘नाही, संशोधक.’’

‘‘म्हणजे फारम भरता येतो?’’

सरांच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा रक्त आलं. म्हाताऱ्यांचं म्हणणं असं, की विश्वकर्मा योजनेत कारागिराला पंधरा हजारांची अवजारं मिळतात, नातवानं मोबाइलवर पाहिलंय. पण त्या अठरा धंद्यांच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, सोनार, कुंभार, न्हावी, परीट सगळे आहेत आणि तांबट हे नाव काही दिसत नाही. सरांनी ध्वनिमुद्रक बंद केला. प्रश्नावली उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी नातवाचं नाव, आधार, बँकेची शाखा लिहून घ्यायला सुरुवात केली.

‘‘लोहारात बसवू,’’ ते म्हणाले.

‘‘आम्ही लोहार?’’ म्हातारेबुवा ताडकन उठले. ‘‘चार पिढ्या तांबं ठोकतोय आम्ही!’’

‘‘बाबा, ठोका तुम्ही तांबंच,’’ सर समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘फक्त शीर्षक बदलायचंय.’’