फरकवाले सर

बारावीचा निकाल लागला की सोसायटीच्या जिन्यात पेढ्यांचे बॉक्स फिरू लागतात, आणि नेमके त्याच वेळी फरकवाले सर दूध आणायला खाली उतरतात. पेढा घेतात, बॉक्सवरचं दुकानाचं नाव वाचतात, आणि मग विचारतात, "मुलगी हुशार आहे म्हणता, म्हणजे नक्की काय? क्लेव्हर, इंटेलिजंट, की नुसतीच ब्राइट?" नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीच्या आईला या प्रश्नाचं उत्तर कुठून सुचणार? ती म्हणते, "सगळंच थोडं थोडं." "थोडं थोडं नसतं वहिनी, फरक आहे." एवढं म्हणून सर दुधाची पिशवी कठड्यावर ठेवतात. पिशवी कठड्यावर टेकली की जाणती माणसं जिना सोडून लिफ्टकडे वळतात.

हे गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. ते शाळेत सर होते असं मुळीच नाही. बहुतेक वेळा बँकेतून किंवा विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले असतात. 'सर' ही पदवी त्यांना समजावून सांगण्याच्या चिकाटीबद्दल लोकांनीच बहाल केलेली असते. घरात रेन अँड मार्टिन असतं, चिकटपट्टी मारलेली वीरकरांची डिक्शनरी असते, आणि मराठी भाषेवर त्यांचा एक कायमचा राग असतो. तो असा, की मराठीत सगळ्यांना एकच शब्द. पोरगं गणितात हुशार, बाई भाजीच्या घासाघिशीत हुशार, गल्लीतलं कुत्रंही हुशार. इतकंच काय, तापातून उठलेला माणूससुद्धा म्हणतो, "आज जरा हुशारी वाटतेय." सरांच्या मते इंग्रजीत हा असला भोंगळपणा चालत नाही.

आता हा मराठीवर शुद्ध अन्याय आहे. चाणाक्ष, चलाख, तल्लख, धूर्त, हिकमती, इरसाल, चाप्टर ही काय एकाच माणसाची नावं आहेत? तळमजल्यावरच्या आजींनी एकदा सरांना सरळ विचारलं, "बेरक्या माणसाला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात हो?" सरांनी श्रूड लावून पाहिलं. आजी म्हणाल्या, "म्हणजे?" सरांनी अर्थ सांगितला. आजी म्हणाल्या, "छे, तो तर धोरणी झाला." मग सरांनी कनिंग लावून पाहिलं. "तो कपटी," आजी म्हणाल्या. सर उद्या सांगतो म्हणून वर गेले. त्याला आता बरेच दिवस झाले.

पण सरांच्या पोतडीत माल खरा असतो, हे मान्य करायला हवं. क्लेव्हर हा शब्द इंग्रज माणूस तोंडभरून वापरत नाही, त्यात हाताच्या चलाखीचा वास आहे, हे ते उदाहरणासकट पटवतात. उदाहरण ठरलेलं. मार्च 1961 मध्ये लॉर्ड सॅलिसबरींनी ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांच्यावर 'टू क्लेव्हर बाय हाफ' असा शेरा मारला, आणि तो शेरा त्या बिचाऱ्याला जन्मभर चिकटला. एक पूर्ण आणि वर अर्धा. म्हणजे आपला दीडशहाणा! इथे सर स्वतःच टाळी देतात आणि इंग्रजांच्या गणिताला आपल्या गणिताशी जुळल्याबद्दल शाबासकी देतात.

स्मार्टवर तर त्यांचं अर्ध्या तासाचं व्याख्यान आहे. विलायतेत स्मार्ट म्हणजे टापटीप, कडक इस्त्रीतला. अमेरिकेत स्मार्ट म्हणजे डोकेबाज. आपल्या वधूवर सूचक मंडळांनी विलायतेची बाजू घेतली आहे. 'फोटोत मुलगा स्मार्ट दिसतो' असं म्हणताना त्याच्या अकलेबद्दल कोणीही, कसलीही हमी दिलेली नसते. आणि जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ होता झोंबणं, ठणकणं. सोसायटीत स्मार्ट मीटर बसले त्या महिन्यात सरांनी हा मूळ अर्थ नोटीस बोर्डावर खडूने लिहिला होता. सेक्रेटरींनी तो पुसला नाही.

इंटेलिजंट या शब्दापाशी मात्र आवाज खाली येतो. हा सरांचा देव्हारा. पॅरिसच्या शाळांत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधण्यासाठी बिने आणि सिमोन यांनी 1905 मध्ये चाचणी काढली, अमेरिकेत टर्मन यांनी 1916 मध्ये तिला नवं रूप देऊन बुद्ध्यंक घरोघरी पोचवला, आणि आपल्याकडे कामतांनी स्वातंत्र्याच्या आधीच ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. मागे पडणाऱ्यांसाठी निघालेली मोजपट्टी पुढे धावणाऱ्यांच्या आईबापांनी कशी पळवली, हे सर फार छान सांगतात. सांगून झाल्यावर स्वतःच्या नातवाचा बुद्ध्यंक सांगतात.

हीच तर गंमत आहे. कागदावर इतका काटेकोर असलेला हा माणूस माणसांना शब्द वाटताना नातं बघून वाटतो. नातू ब्रिलियंट. पुतण्या इंटेलिजंट. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा नातवापेक्षा चार मार्कांनी पुढे गेला, तो 'स्टुडिअस', म्हणजे घोकणारा. मेहुण्याने हिंजवडीचा आयटी पार्क व्हायच्या आधी वाकडला जमीन घेतली, तेव्हा तो श्रूड. त्याच जमिनीच्या पैशातून मोठी गाडी घेतली तेव्हा कनिंग. मग सरांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, मेहुण्याने एका फोनवर खोली मिळवून दिली, आणि डिस्चार्ज मिळेपर्यंत तो रिसोर्सफुल होता. बिल भरून घरी आल्यावर पुन्हा कनिंग. एकच गुण स्वतःला, समोरच्याला आणि तिऱ्हाइताला लावताना शब्द कसा घसरत जातो, हा खेळ बर्ट्रांड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीवर करून दाखवला होता. सरांच्या दिवाणखान्यात तो रोज चालतो, फक्त रसेलना ते ठाऊक होतं.

स्वतःसाठी सरांनी वाइज हा शब्द राखून ठेवला आहे. वाइज व्हायला वय लागतं, संयम लागतो, मोह टाळावा लागतो, वगैरे. "वाकडची जमीन आधी मलाच सांगून आली होती," हे मोहाचं उदाहरण. आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, तोच मोह झाला असता तर बरं झालं असतं."

पेशवाईतले साडेतीन शहाणेही सरांच्या तावडीतून सुटलेले नाहीत. सखारामबापू बोकील श्रूड, निजामाकडचे विठ्ठल सुंदर ब्रिलियंट, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे क्लेव्हर, अशी वाटणी त्यांनी करून ठेवली आहे. नाना फडणवीस अर्धे का, तर तलवारीशी सख्य नव्हतं म्हणून. मला विचाराल तर ज्याच्या अर्ध्या शहाणपणावर पुण्याचा कारभार इतकी वर्षं चालला, त्याला अर्धा म्हणणाऱ्यांचाच हिशेब तपासायला हवा. पण सर नानांना इंग्रजी शब्द देत नाहीत. म्हणतात, अर्ध्यासाठी शब्द नाही. दीडसाठी होता, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायची कोणाची छाती होत नाही.

ज्या घरात तीन वर्षांचं पोर पाहुण्यांसमोर देशांच्या राजधान्या म्हणून दाखवतं, तिथे सर हमखास बर्लिनचा घोडा काढतात. क्लेव्हर हान्स त्याचं नाव. मालक फॉन ऑस्टेन, निवृत्त गणित शिक्षक. घोडा टाप आपटून बेरजा-वजाबाक्या करी. 1904 मध्ये समिती नेमली, तिला काही लबाडी सापडेना. मग 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी छडा लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुके. टापांचा आकडा बरोबर उत्तरावर आला की विचारणाऱ्याची मान, खांदा, नकळत किंचित हले, आणि घोडा तेवढं बघून थांबे. "म्हणून क्लेव्हर, इंटेलिजंट नव्हे!" सर बोट वर करतात. राजधान्या म्हणणाऱ्या पोराची आई चहा आणायला आत जाते आणि साखर न घालता आणते.

यंदाच्या गणपतीत सरांनी प्रश्नमंजुषा घेतली. बक्षीस कंपास पेटी. सर एक प्रसंग वाचणार, मग तीन इंग्रजी शब्द म्हणणार, मुलांनी योग्य शब्द सांगायचा. पहिल्या रांगेत इंग्रजी माध्यमाची मुलं, कडेला, खाली ज्यांची इस्त्रीची टपरी आहे त्यांची चौथीतली मुलगी. तिचं नाव यादीत नव्हतं, पण प्रसादाला आली होती ती बसली.

"एकाने जमीन स्वस्तात घेतली आणि गप्प बसून राहिला. तो कोण? क्लेव्हर, श्रूड, वाइज?" इंग्रजी माध्यम छताकडे बघू लागलं. मुलगी सरांकडे बघत होती. "श्रूड," ती म्हणाली. सर चमकले. दुसरा प्रश्न, तिसरा, चौथा. तिची उत्तरं येत गेली. सर शब्द म्हणताना योग्य शब्दापाशी क्षणभर रेंगाळतात, डावी भुवई वर जाते आणि चष्मा नाकावर अर्धा इंच खाली येतो. काकू हे गेली चाळीस वर्षं बघत आहेत. बाकी कोणी कधी नीट बघितलेलं नव्हतं.

"ब्रिलियंट!" सरांचा कंठ दाटून आला. पेशवाई सोडली तर हा शब्द घराबाहेर पहिल्यांदाच गेला होता. कंपास पेटी देताना त्यांनी विचारलं, "बाळ, श्रूड म्हणजे काय, सांग बरं सगळ्यांना."

"माहीत नाही."

"मग ओळखलंस कसं?"

मुलीने आपली डावी भुवई वर केली.

मांडवात जे व्हायचं ते झालं. एक आई म्हणाली, हे चीटिंग आहे. मुलीला कनिंग म्हणणारे निघाले, स्मार्ट म्हणणारे निघाले. एका इंजिनिअरने तर हाच खरा इंटेलिजन्स असं बजावून सांगितलं. अखेर सगळे सरांकडे वळले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"बेरकी आहे कार्टी," खुर्चीतून आजी म्हणाल्या. "तिला अजून दोन मोदक द्या."